शिफ्टचा चार्ज: देताना काय सांगायचं, घेताना काय विचारायचं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत नवा मुलगा लागला की त्याला सेफ्टी शूज देतात, मशीन दाखवतात, कँटीन कुठं आहे ते सांगतात. पाळी संपताना पुढच्या माणसाला काय सांगायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. तोंड आहे, बोलता येतं, मग त्यात शिकवायचं काय, असं सगळे धरून चालतात.

मी मशीन शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, आता शिफ्ट बघतो. एवढ्या वर्षांत रिजेक्शनच्या (माल नापास होण्याच्या) ज्या मोठ्या भानगडी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतल्या. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, मटेरियल तेच. बदललेला असतो फक्त माणूस, आणि आधीच्या माणसाच्या डोक्यातलं काहीतरी त्याच्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसून घरी गेलेलं असतं.

वेळही फार नसतो. पुण्याकडं बऱ्याच ठिकाणी सकाळी साडेसहा-सात, दुपारी तीन-साडेतीन आणि रात्री साडेअकरा-बारा अशा पाळ्या चालतात. काही कारखान्यांत सहा-दोन-दहा. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ५८ असं होतं, की खास सूट नसेल तर एकाच प्रकारच्या कामावर एका वेळी दोन पाळ्यांची माणसं लावायची नाहीत. म्हणजे पाळ्या एकमेकींवर चढत नाहीत, एकीला दुसरी नुसती टेकते. त्या टेकण्याच्या जागी जी पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळं बोलून घ्यायचं. शिवाय जाणाऱ्याचा एक डोळा घड्याळाकडं असतो, कारण बस थांबत नाही.

पायरी १: आधी मशीनकडं जा, मग माणसाकडं

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. आल्या आल्या "काय मामा, काय चाललंय?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "चालू आहे, काही नाही." मामा खोटं बोलत नसतात. आठ तास उभं राहून दमलेल्या माणसाला एवढ्या मोघम प्रश्नाला एवढंच उत्तर सुचतं.

म्हणून आधी मशीनभोवती एक चक्कर मारा. इन्स्पेक्शन शीटवरची शेवटची तीन-चार रीडिंग बघा. लाल बिनमध्ये, म्हणजे नापास पीसच्या डब्यात, किती पीस पडलेत ते बघा. कूलंटची पातळी, चिप ट्रे, कंट्रोल पॅनेलवर एखादा अलार्म, कुठं टॅग लावलाय का, कुठं चिंधी बांधलीय का. (चिंधी बांधलेली दिसली की समजायचं, इथं कुणीतरी काहीतरी जुगाड केलंय.) आता जो प्रश्न विचाराल तो नेमका असेल. "मामा, लाल बिनमध्ये चार पीस आहेत, ते सेटिंगचे की चालू उत्पादनातले?" याला "काही नाही" असं उत्तर देताच येत नाही.

पायरी २: झालेलं थोडक्यात, अर्धवट राहिलेलं सविस्तर

चार्ज देताना माणूस साहजिकच आपण काय केलं ते सांगतो. दोनशे दहा पीस काढले, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) बदलला, जागा साफ केली. हे सगळं लॉगबुकात दिसतंच. पुढच्याला कामाचं असतं ते जे सुरू केलं पण संपलं नाही, जे काढलं पण परत बसवलं नाही, जे ठरवलं पण केलं नाही. नेमकं हेच सांगायचं राहतं, कारण अर्धवट काम सांगायला जीभ अडखळते.

माझीच गोष्ट सांगतो. ट्रेनी होऊन चार महिने झाले होते. टर्निंगवर २५ मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, एच७. म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण २१ मायक्रॉनची जागा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो, मग वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेपोटी मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, थोडी भर घालायची. मी दुपारी चार्ज घेतला तेव्हा शीटवरचं शेवटचं रीडिंग होतं २५.००४. खाली उतरत चाललेलं. मी शहाणपणानं १० मायक्रॉनचा ऑफसेट दिला. आधीच्या ऑपरेटरनं तेच रीडिंग बघून, घरी जायच्या आधी, तेवढाच ऑफसेट देऊन ठेवला होता. त्यानं तोंडानं सांगितलं नाही, शीटवर लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही. बोअर गेला २५.०२४ वर.

ऑफसेट दिल्यावर पहिला पीस बोअर गेजनं मोजायचा असतो, तो मी मोजला नाही. प्लग गेज म्हणजे बोअरमध्ये घालून बघायचा दांडा, त्याची गो बाजू आत जायला हवी आणि नो-गो बाजू जायला नको. गो बाजू लोण्यासारखी आत जात होती, म्हणून मी खुशीत होतो. नो-गो बाजूही तशीच जातेय हे लाइन क्वालिटीच्या मॅडमनी येऊन दाखवलं, तोवर अडतीस पीस झाले होते. लहान राहिलेला बोअर पुन्हा मारता येतो. मोठा झालेला लहान करता येत नाही. अडतीसच्या अडतीस भंगारात.

तेव्हापासून चार्ज देताना मी एक वाक्य ठरवून बोलतो: "मी ऑफसेट दिलाय, पण त्यानंतरचा पीस मोजलेला नाही." किंवा "ऑफसेट द्यायची वेळ आलीय, मी दिलेला नाही." दोन्हीपैकी काहीही असो, दिला की नाही दिला हे स्पष्ट.

आमच्याकडं अडतीस पीस गेले. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. तिथं कंडेन्सेट (वायूपासून निघणारा द्रव) पंपांची जोडी होती, ए आणि बी. दिवसपाळीत ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणाची फ्लँज बसवली होती. काम पाळीत संपलं नाही. परमिटचा (कामाच्या परवानगीचा) कागद होता, पण व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नव्हती. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला, तो चालू होईना, म्हणून त्यांनी ए चालू केला. फ्लँजमधून कंडेन्सेट सुटला आणि स्फोट झाला. पुढं न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, १०६ शिफारशींसह, आणि परमिट व पाळीबदल हा त्यातला कळीचा मुद्दा होता. रात्रपाळीतली माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यानुसार त्यांनी बरोबर निर्णय घेतला होता.

पायरी ३: "बंद" या शब्दाला एकटं सोडू नका

आपल्या मराठीत एक गंमत आहे. मशीन "बंद आहे" असं कुणी म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही. खरं तर आपल्याकडं त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, वापरायचा तेवढा कंटाळा:

बंद *पडलंय* म्हणजे बिघाड आहे. बंद *केलंय* म्हणजे माणसानं बटण दाबलं, कदाचित फक्त जेवायला गेला म्हणून. बंद *ठेवलंय* म्हणजे मुद्दाम, काहीतरी कारणानं, आणि मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. हा तिसरा प्रकार असेल तर नुसतं बोलून भागत नाही. मेन स्विचला कुलूप आणि टॅग हवा, त्यावर नाव, तारीख, वेळ हवी. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं. तो घरी गेला असेल तर सुपरवायझरला विचारा, किल्ली शोधत बसू नका.

असेच आणखी काही शब्द आहेत. "झाल्यात जमा आहे." शॉपमध्ये असं काही नसतं. एक बोल्ट घट्ट करायचा राहिला असेल तर ते झालेलं नाही. "बघतो." यात करतो की नाही ते कळत नाही, कधी, तेही नाही. "होऊन जाईल." कोण करणार?

आणि माझ्या मते सगळ्यांत घातक वाक्य: "मेंटेनन्सला सांगितलंय." मेंटेनन्स हा माणूस नाही. कुणाला सांगितलं, किती वाजता, आणि तो काय म्हणाला, ही तीन उत्तरं मिळेपर्यंत सांगितलेलं नाही असंच धरा. मी एकदा सलग तीन पाळ्यांच्या लॉगबुकात "हायड्रॉलिक लीक, मेंटेनन्सला सांगितले आहे" हे वाक्य जसंच्या तसं पाहिलं होतं. मेंटेनन्सच्या फिटरला विचारलं तर त्याला पत्ता नव्हता. पहिल्यानं बहुतेक वाटेत कुणालातरी सांगितलं असावं, पुढच्या दोघांनी वाक्य उतरवून काढलं.

पायरी ४: आकडे, तारखा आणि भाषा

कॉम्प्रेसर, प्रेस, एअर गन सगळं चालू असताना कानात प्लग घालून "सात" आणि "साठ" यांतला फरक ऐकून दाखवा. "आठ" त्यात मिसळतोच. "सतरा"-"सत्तर" तसंच. "एकोणतीस"-"एकोणचाळीस" तर शांत खोलीतही गोंधळ घालतात. म्हणून मशीन नंबर, बॅच नंबर, माप, सगळं अंक सुटे करून सांगा: "मशीन एक-सात", "पंचवीस पॉइंट शून्य-शून्य-चार". शक्य असेल तर लिहून दाखवा, किंवा आवाजापासून दहा पावलं बाजूला जाऊन बोला.

एकक सोडू नका. जुने फिटर सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टूलरूममधले थाऊमध्ये बोलतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. तुम्ही कॉलेजातून मिलिमीटर घेऊन आलात. "दोन पॉइंट कमी कर" असं कुणी म्हणालं तर ते ०.२ की ०.०२, हे विचारायला लाजू नका. त्यात दहापटीचा फरक आहे.

आता शॉपमध्ये बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशची मुलंही बरीच असतात, आणि चार्ज हिंदीत द्यावा लागतो. हिंदीतला "कल" काल पण असतो आणि उद्या पण. "कल का माल अलग रखना" असं मी सांगितलं आणि समोरच्यानं उद्याच्या मालासाठी जागा करून ठेवली, असं घडलेलं आहे. तारीख सांगा. रात्रपाळीत तर मराठीतही तारीखच सांगा. रात्री एक वाजता "उद्या सकाळी ट्रायल आहे" म्हणजे सहा तासांनी की तीस तासांनी? बऱ्याच ठिकाणी रात्रपाळी आदल्या दिवसाच्या तारखेत धरतात, त्यानं घोळ आणखी वाढतो.

पायरी ५: मोठ्या माणसाशी बोलताना

नव्या मुलांना सगळ्यात अवघड हे जातं. तुम्ही बावीस वर्षांचे, समोरचा ऑपरेटर पन्नाशीचा. त्याला तुमच्या जन्माआधीपासून हे मशीन माहीत आहे, आणि कागदावर तुम्ही इंजिनिअर.

आधी संबोधन. आमच्या भागात मामा, काका, दादा चालतं. विदर्भात भाऊ म्हणतील. इतर लोक त्यांना जे म्हणतात ते म्हणा आणि अहो-जाहो करा, ते तुम्हाला अरे-तुरे करत असले तरी. साहेब किंवा मॅनेजर समोर आल्यावर अचानक सूर बदलू नका. सकाळी "मामा" आणि साहेबांसमोर "ऑपरेटरनं ऐकलं नाही", हे एकदा झालं की तुम्हाला पुन्हा कुणी काही सांगणार नाही. ज्याला कुणी सांगत नाही, त्याला चार्ज मिळतो तो फक्त कागदावर.

"समजलं का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "हो" सोडून उत्तर नाही. मोठ्या माणसाला "मग सांगा बरं काय समजलं" असंही विचारता येत नाही, ते परीक्षा घेतल्यासारखं होतं. त्यावर साधा मार्ग आहे, चूक आपल्याकडं घ्यायची: "मामा, मी घाईत सांगितलं, काही सुटलं का बघा. आता तुम्ही पहिलं काय तपासणार?" ते जे सांगतील त्यावरून तुम्ही काय पोहोचवलं ते कळेल.

उलट बाजूनं, तुम्ही चार्ज घेत असाल तर ऐकलेलं परत म्हणून दाखवा. त्यासाठी मराठीत "म्हणजे" हा फार सोयीचा शब्द आहे. "म्हणजे तीन नंबरचं टूल बदललंय, पण चार नंबरचं अजून पन्नास पीस चालेल, बरोबर?" समोरचा लगेच म्हणेल, "अरे नाही, उलटं." या "अरे नाही"साठीच तो खटाटोप.

पायरी ६: लॉगबुक

वर्षानुवर्षं लॉगबुकात दोन शब्द सगळ्यात जास्त लिहिले गेले असतील: "सर्व ओके." हे लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडलेली बरी, निदान वाचणारा सावध तरी होतो.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीनं लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे पटकन येतं आणि पुढच्याला वाचता येतं त्या भाषेत लिहा, शुद्धलेखनाला कुणी मार्क देत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावाल तर ऑडिटर त्याच पानावर बोट ठेवेल.

आणि भांडणं लिहू नका. "फर्स्ट शिफ्टनं चुकीचं सेटिंग दिलं" या वाक्यातून मशीनबद्दल काहीच कळत नाही, फक्त तुम्ही चिडला होता एवढं कळतं. "१५:४० ला पहिला पीस २५.०२६, ऑफसेट १५ मायक्रॉन कमी केला, दुसरा पीस २५.०११" हे लिहा. वाचणाऱ्याला कोणाचं चुकलं ते आपोआप समजतं, आणि फर्स्ट शिफ्टवाल्याला तुमच्याशी बोलणं बंद करायचं कारण उरत नाही. दोन पाळ्यांत अबोला झालेला मी पाहिलाय. सहा महिने फक्त चिठ्ठ्यांवर चार्ज चालला होता आणि त्या काळातलं रिजेक्शन कुणी विचारू नये.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, तो जोडीला ठेवा. अलार्मचा फोटो टाकायला उत्तम. पण अंगठ्याचं चित्र आलं म्हणजे वाचलं असं धरू नका. मी स्वतः बसमध्ये अर्धवट झोपेत कितीतरी अंगठे दिलेत. बऱ्याच कंपन्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, ते आधी विचारून घ्या.

पायरी ७: साहेबांकडं जाताना

वाईट बातमी पहिल्या दहा मिनिटांत सांगा. पाच पीस गेल्याचं ऐकून साहेब चिडतात, पण पन्नास पीस गेल्यावर पाचचं लपवलं होतं हे कळलं तर त्या चिडण्याला नाव वेगळं असतं.

"साहेब, मशीन त्रास देतंय" असं सांगितलं की साहेब उठून येतात, तेच प्रश्न विचारतात जे तुम्ही स्वतःला विचारू शकला असता, आणि दोघांचाही वेळ जातो. कुठं, केव्हापासून, किती, आपण काय करून बघितलं आणि आता काय हवंय, एवढं घेऊन जा: "साहेब, मशीन एक-सात, दहा वाजून वीस मिनिटांपासून बोअरला चॅटर मार्क येतायत. सहा पीस बाजूला ठेवलेत. इन्सर्ट बदलून बघितला, फरक नाही. मला वाटतं बोअरिंग बार ढिला आहे, पण उघडायला मेंटेनन्सचा माणूस हवा. तोपर्यंत बंद ठेवू का?" शेवटचा प्रश्न असा ठेवा की हो किंवा नाही म्हणून भागेल. तुमचा अंदाज चुकला तरी चालतं. नव्या मुलाचा अंदाज चुकणारच. फक्त "मला वाटतं" आणि "मी बघितलं" यांची सरमिसळ करू नका.

धोक्याचं काही असेल, गार्ड निघालाय, वायर उघडी पडलीय, वायूचा वास येतोय, तर यातलं काहीच जुळवत बसू नका. आधी थांबवा, मग ओरडा, वाक्यरचना नंतर.

पायरी ८: निघताना

चार्ज देऊन झाला की लगेच बॅग उचलू नका. पुढच्या माणसानं काढलेला पहिला पीस मोजून होईपर्यंत मशीनपाशी उभे राहा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. सांगायचं राहिलेलं जे काही असतं ते हमखास तेव्हाच आठवतं, त्यानं पहिलं बटण दाबल्यावर. माझी यापायी दोनदा बस चुकली. दोन्ही वेळा कुणाच्यातरी बाइकवर मागं बसून तळेगाव चौकापर्यंत आलो, तिथून पुढं काहीतरी मिळतंच.